भिशीचे पैसे, खाडीतले रोहित आणि ‘डुप्लिकेट’ लेन्स

पत्राचा सारांश: कोपरखैरण्याच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. वय ४६, सहकारी बँकेत नोकरी. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड निकॉन डी७२०० आणि त्याच्यासोबत आलेली ७०-३०० लेन्स (७० ते ३०० मिलिमीटरचा झूम, आकडा मोठा तितका पक्षी मोठा दिसतो) घेतली, तेव्हापासून रविवारची सकाळ पक्ष्यांची. यंदा भिशी लागली, एक लाख दहा हजार हातात आले आणि आता मोठी लेन्स घ्यायची आहे. मनात निकॉनची २००-५०० आहे. पण टॅमरॉन किंवा सिग्माची १५०-६०० घेतली तर १०० मिलिमीटर जास्त मिळतात. ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ दादांचं मत ठाम आहे : “थर्ड पार्टी म्हणजे डुप्लिकेट. बॉडी निकॉनची असेल तर काचही निकॉनचीच हवी, नाहीतर फोटो सॉफ्टच येणार.” यजमान म्हणतात, एवढ्या पैशांत सोनं घे. उजवा खांदा अधूनमधून दुखतो, हेही त्यांनी जाता जाता लिहिलंय. “माझे रोहित (फ्लेमिंगो) कधीच दादांसारखे शार्प येत नाहीत. इमेज क्वालिटीत खरा फरक किती पडतो ते सांगा, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत,” असं म्हणून सोबत ऐरोलीच्या खाडीतले तीन फोटो जोडले आहेत.

नमस्कार ताई,

फोटो मूळ फाईलसकट पाठवलेत हे फार बरं केलंत. लेन्सविषयी येणाऱ्या दहातल्या नऊ पत्रांत फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले असतात. त्यात आधीच सगळं चेपलेलं असतं, मग कुठली काच नि कुठलं काय.

तुमचा पहिला फोटो मार्चमधला, सकाळी १०:४० चा. ३०० मिलिमीटर, शटर १/३२० सेकंद. दुसरा त्याच महिन्यातला, पण ७:१० चा, ३०० मिलिमीटर, १/१०००. तिसरा पुन्हा साडेदहानंतरचा, उडणाऱ्या थव्याचा, १/५००. पहिला आणि तिसरा तुम्ही ‘सॉफ्ट’ म्हणून पाठवलेत. दुसऱ्याखाली लिहिलंत, “हा पक्षी फार लहान आलाय, म्हणून काढूनच टाकणार होते.”

आता हा दुसरा फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघा. रोहिताच्या चोचीचं काळं टोक आणि त्याच्यावर चिकटलेला चिखलाचा थेंब दिसतो. त्या थेंबाची कडा स्वच्छ आहे. लेन्स तीच, जिच्यावर तुमचा राग आहे.

म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी जे गृहीत धरलंय, आधी तिथेच थोडं थांबू. फोटो सॉफ्ट आला म्हणजे काच वाईट, आणि काच बदलली की फोटो शार्प, असं तुम्ही धरून चालला आहात. पहिल्या फोटोत बिघडलंय ते वेगळंच. डी७२०० चा सेन्सर लहान, त्याच्यावर चित्र दीडपट जवळ आल्यासारखं दिसतं, त्यामुळे ३०० ची लेन्स हातात ४५० सारखी हलते. तिथे १/३२० म्हणजे उघड उघड कमी. स्टॅबिलायझर हाताचं थरथरणं सावरतो, पण पक्ष्याचं डोकं हलतं त्याचं तो काहीच करू शकत नाही. रोहित तर जेवताना डोकं एक क्षण स्थिर ठेवत नाही. चोच उलटी पाण्यात घालून चाळणी करत चालणारा प्राणी तो.

आणि वेळ बघा. पावणेअकराचं ऊन. ओहोटीने उघडा पडलेला काळा चिखल तापतो, त्याला लागून असलेली हवा तापते, आणि ती गरम-गार हवा एकमेकींत मिसळताना प्रकाश सतत वेडावाकडा होतो. चुलीवरच्या हवेतून पलीकडची भिंत बघावी तसं. त्या फोटोत रोहितांचे पाय सरळ नाहीत, नागमोडी आहेत, लक्षात आलं का तुमच्या? तो दोष ना निकॉनचा, ना टॅमरॉनचा. उलट ६०० मिलिमीटरची लेन्स लावलीत तर पक्ष्यासोबत ते नागमोडी पायही दुप्पट मोठे होतील. पुष्कळ जण हजारो रुपये घालून हीच लहरणारी हवा जवळून बघतात आणि लेन्सला शिव्या घालतात.

दादांचे फोटो तुमच्यापेक्षा शार्प येतात यात शंका नाही. पण ते किती वाजता पोचतात हे एकदा विचारा. माझा अंदाज आहे की तुम्ही डबे भरून, पाणी भरून निघता तोवर त्यांचं कार्ड अर्धं भरलेलं असतं.

अंतराचा हिशेब मी तुमच्यासाठी मुद्दाम मांडलाय, तुम्ही बँकेतल्या असल्यामुळे आकडे आवडतील म्हणून. छोटा रोहित साधारण तीन फूट उंच धरा. तो २०० मीटरवर असेल तर ३०० मिलिमीटरला तुमच्या कॅमेऱ्यावर जेमतेम साडेतीनशे पिक्सेल उंच येतो. ६०० ची लेन्स लावली तर सातशेच्या आत. आणि तोच पक्षी ६० मीटरवर आला, तर तुमच्या आत्ताच्याच ३०० वर तो साडेअकराशेच्या आसपास जातो. म्हणजे एक पैसा न खर्चता, फक्त जवळ असल्यामुळे, त्या महागड्या लेन्सपेक्षा दीडपटीहून मोठा.

जवळ जायचं म्हणजे चिखलात उतरायचं नाही, हे सांगायला नको. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही गेला. आपण जायचं नाही, पाण्याला पक्षी आणू द्यायचे. भरती चढू लागली की चिखल बुडत जातो, आणि उरलेल्या पट्ट्यावर पक्षी गोळा होत होत काठाकडे सरकतात. चिखल पुरता बुडाला की थवेच्या थवे उठून आतल्या पाणथळींवर येऊन बसतात. सीवूड्सला एनआरआय संकुलामागे आणि नेरुळच्या डीपीएस तलावावर ते का दिसतात, त्याचं कारण हेच. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर बघायचं, आणि सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान पाणी चढतंय असे रविवार कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवायचे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातली बोटही भरतीच्याच हिशेबाने सुटते.

एवढं सगळं वाचून वाटेल की ही बाई लेन्स घेऊ नका म्हणतेय. तसं नाही. चार वर्षं ३०० वर काढलीत, आता मोठी लेन्स घेण्याचा तुमचा हक्क आहे, आणि भिशी तुमची आहे. सोन्याविषयी यजमानांना मी काय सांगणार? एवढंच, की सोनं लॉकरमध्ये जाईल आणि लेन्स रविवारी खाडीवर. दोन्हीची तुलनाच होत नाही.

आता ‘डुप्लिकेट’ या शब्दाकडे येऊ, कारण तो मला खटकला.

डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव चिकटवून विकलेला माल. टॅमरॉन ही १९५० सालापासूनची जपानी कंपनी, सिग्मा १९६१ सालची, तिचा कारखाना आजही जपानात आइझूला आहे. दोघी आपल्याच नावाने लेन्स विकतात. त्यांना ‘थर्ड पार्टी’ म्हणतात ते एवढ्यासाठी की तुमच्या कॅमेऱ्याचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, त्यांचा नाही. तुम्ही ज्या वर्गाची लेन्स घ्यायला निघालात, त्या वर्गात तर गंमतच आहे. सामान्य पगारदाराला परवडेल असा ६०० पर्यंतचा झूम २०१३ च्या अखेरीस टॅमरॉनने जाहीर केला. २०१४ मध्ये सिग्माने दोन १५०-६०० जाहीर केल्या, एक जड ‘स्पोर्ट्स’ आणि एक हलकी ‘कंटेम्पररी’. निकॉनची २००-५०० त्यानंतर जाहीर झाली, ऑगस्ट २०१५ मध्ये. म्हणजे दादा जिला अस्सल म्हणतात ती लेन्स या ‘डुप्लिकेट’वाल्यांच्या मागून बाजारात उतरली.

मग कंपनीच्या आणि बाहेरच्या लेन्समध्ये फरक काहीच नाही का? आहे. पण लोक शोधतात तिथे नाही.

काचेच्या बाबतीत आधी भौतिकशास्त्र सगळ्यांना सारखंच कापतं. ६०० ला ६.३ ने भागा, ९५ येतात. म्हणजे एफ ६.३ ची (एफ हा लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे भोक, किती उघडतं त्याचा आकडा, लहान तितकं भोक मोठं) ६०० मिलिमीटर लेन्स करायची तर पुढचं भोक सुमारे ९५ मिलिमीटरचं हवंच, मग लेन्सवर नाव कुणाचंही असो. टॅमरॉनची दुसरी आवृत्ती, म्हणजे जी२, आणि सिग्मा कंटेम्पररी या दोन्हींना ९५ चा फिल्टर लागतो तो म्हणूनच. निकॉनचे ५०० भागिले ५.६ म्हणजे ८९, तिलाही ९५ चाच फिल्टर. काच, वजन, किंमत सगळं याच आकड्याभोवती फिरतं. एवढ्या मोठ्या काचा एवढ्या पैशांत द्यायच्या तर कुठेतरी तडजोड येणारच, आणि ती प्रत्येकीने वेगळ्या ठिकाणी केली आहे.

निकॉनने ५०० वर थांबून तडजोड केली. त्यामुळे ५०० ला, पूर्ण उघड्या एफ ५.६ वर, तिचं चित्र कडक येतं. तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर हवं असेल तर हे घ्या : ५०० मिलिमीटरला, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून, निकॉन थोडी पुढे. सिग्मा आणि टॅमरॉन ५०० पर्यंत छान चालतात आणि ६०० च्या टोकाला, एफ ६.३ वर, किंचित मऊ होतात. तिथे एफ ८ केलं की बऱ्याच सावरतात. तीन लेन्सचे एफ ८ वरचे फोटो नावं झाकून समोर ठेवले तर दादांनाही ओळखता येणार नाहीत, मलाही नाही.

“मग ६०० चा उपयोग काय, ५०० चा फोटो क्रॉप करते की,” असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. ५०० वरून ६०० इतकं जवळ आणायला लांबी-रुंदीत एक षष्ठांश कापावं लागतं. चोवीस मेगापिक्सेलमधले सतराच्या आसपास उरतात. तेवढ्याने काही बिघडत नाही. ३०० वरून ६०० ची गोष्ट वेगळी, तिथे चोवीसचे सहाच राहतात. म्हणून ५०० की ६०० या वादात मी फार वेळ घालवणार नाही. तुमची खरी उडी ३०० वरून पुढे आहे, आणि ती तिन्ही लेन्स मारतात.

काचेपेक्षा मोठा फरक आहे तो कॅमेरा आणि लेन्स यांच्यातल्या बोलण्याचा. निकॉनची लेन्स निकॉनच्या बॉडीशी मातृभाषेत बोलते. डीएसएलआरच्या, म्हणजे तुमच्यासारख्या आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या, काळात बाहेरच्या कंपन्यांना ती भाषा कुणी शिकवली नव्हती, त्यांनी ऐकून ऐकून ती उचलली. बहुतेक वेळा अस्खलित बोलतात. पण कॅमेरा कंपनीने नवी बॉडी आणली किंवा आतलं सॉफ्टवेअर बदललं की कधी कधी गाडी अडते. मग लेन्सचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं. सिग्मासाठी यूएसबी डॉक आणि टॅमरॉनसाठी टॅप-इन नावाची चकती मिळते, लेन्सला लावून संगणकाला जोडायची. उद्या तुम्ही निकॉनच्या मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यावर, गेलात आणि जुनी लेन्स बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावलात, तर २००-५०० निमूट चालेल. सिग्मा-टॅमरॉनही चालतील, पण त्यांचं फर्मवेअर ताजं आहे का ते घेतानाच तपासा. पुढच्या दोन-तीन वर्षांत बॉडी बदलायचा विचार असेल तर या मुद्द्याला वजन द्या. पुन्हा विकायला गेलात तर कंपनीच्या लेन्सला भावही बरा येतो, हेही खरं.

त्याच डॉकची एक जमेची बाजू मात्र दादांना ठाऊक नसावी. डीएसएलआरमध्ये फोकसची मोजणी वेगळ्या सेन्सरवर होते, त्यामुळे लेन्स-बॉडीच्या जोडीत फोकस बोटभर पुढे किंवा मागे पडू शकतो. तुम्हाला वाटतं लेन्स सॉफ्ट आहे, आणि प्रत्यक्षात पक्ष्याऐवजी त्याच्या मागचं गवत शार्प असतं. तुमच्या डी७२०० मध्ये ‘एएफ फाइन ट्यून’ आहे, पण अख्ख्या झूमसाठी एकच आकडा टाकता येतो. सिग्माच्या डॉकने चार फोकल लेन्थ (झूमचे टप्पे) आणि प्रत्येकी चार अंतरं, अशा सोळा ठिकाणी सुधारणा करता येते. म्हणजे या एका बाबतीत बाहेरची लेन्स तुमच्या बॉडीवर घरच्या लेन्सपेक्षा नीट बसवता येते.

पण ताई, मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. दुकानात आपण कंपनी विकत घेत नाही, एक नग घेतो. या झूममध्ये भिंगांचे अनेक गट पुढेमागे सरकतात. एखादं भिंग केसभर तिरकं बसलं तर चित्राची एक बाजू मऊ होते. असा नग कुठल्याही कारखान्यातून निघू शकतो. माझंच सांगते. माझी पहिली मोठी लेन्स कंपनीचीच होती, पूर्ण किमतीला, बिलासकट. दोन वर्षं मी पक्षी चौकटीच्या मधोमध घेत राहिले आणि खूश होते. एकदा दिवाळीच्या सुमारास मासुंदा तलावाच्या या काठावरून पलीकडच्या दिव्यांची रांग टिपली. घरी येऊन बघते तर उजवीकडचे दिवे टिकलीसारखे गोल आणि डावीकडच्या प्रत्येक दिव्याला शेपूट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! वॉरंटी तोवर संपली होती. तेव्हापासून मी लेन्सचं नाव नंतर वाचते, आधी तिला भिंतीसमोर उभी करते.

ही भिंतीची परीक्षा तुम्हीही करा, इतर वाचकांनीही करावी, नवी लेन्स असो वा जुनी. रविवारच्या मराठी वर्तमानपत्राचा छोट्या जाहिरातींचा अंक घ्यायचा. बारीक अक्षर, भरगच्च पान, यापेक्षा चांगला टेस्ट चार्ट विकत मिळत नाही. दोन पानं उघडून सोसायटीच्या पार्किंगच्या भिंतीवर ताठ चिकटवायची. ५०० मिलिमीटरला पंधरा मीटरवर उभं राहिलात तर तो उघडा अंक तुमच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत जवळजवळ बरोबर बसतो. ६०० ला दोन-तीन मीटर मागे सरका. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर बंद, सेल्फ टायमर लावलेला. आरशासमोर उभं राहिल्यासारखा कॅमेरा भिंतीला सरळ हवा, हे सगळ्यात चिवट काम. मुलाला किंवा वॉचमनला हाताशी घ्या.

आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, फोकस करून दोन-चार फोटो काढा, पूर्ण उघड्या अॅपर्चरला आणि एफ ८ ला. मग नेहमीसारखं व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून तेवढेच. घरी गेल्यावर पहिल्या संचात डावी कडा आणि उजवी कडा शेजारी शेजारी लावा. कडा मध्यापेक्षा मऊ असणारच, ते स्वाभाविक आहे. पण डावीकडे ‘वधू पाहिजे’ वाचता येतंय आणि उजवीकडच्या ‘फ्लॅट देणे’चा चिखल झालाय, तर तो नग परत करायचा. पुन्हा एकदा कॅमेरा सरळ करून खात्री करा आणि मग अजिबात संकोच करू नका. आणि लाइव्ह व्ह्यूचा फोटो चांगला, व्ह्यूफाइंडरचा वाईट, असं निघालं तर काच ठीक आहे, फक्त फाइन ट्यून करायला हवं. या एका फरकाने मी ओळखीतल्या तीन जणांच्या लेन्स विकण्यापासून वाचवल्या आहेत.

जवळच्या भिंतीवर चांगली चालणारी लेन्स लांबवर मंदावू शकते, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या गच्चीवरून लांबच्या इमारतीच्या टाकीवरचं नाव किंवा मोबाईल टॉवरच्या जाळ्या टिपून बघा. ऊन चढायच्या आत, कारण तुम्हाला आता माहीत आहेच.

म्हणूनच माझा आग्रह आहे, विकत घ्यायच्या आधी भाड्याने घ्या. ठाण्यात, मुंबईत लेन्स भाड्याने देणारे आहेत. शनिवारी दुपारी आणायची, रविवारी खाडीवर, सोमवारी परत. एका रविवारी २००-५००, पुढच्या योग्य भरतीच्या रविवारी सिग्मा कंटेम्पररी. दोन्ही वेळा १/१६०० च्या खाली जाऊ नका, उडणाऱ्या पक्ष्याला १/२०००, त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० झाला तर होऊ द्या. दाणे आलेला शार्प फोटो सावरता येतो, हललेला नाही.

आणि त्या दोन रविवारी चित्राइतकंच खांद्याकडे लक्ष द्या. पत्रात तुम्ही खांद्याचं दुखणं एका ओळीत उरकलंत, मला ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. निकॉन २३०० ग्रॅम, टॅमरॉन जी२ दोन किलोच्या आसपास, सिग्मा कंटेम्पररी १९३० ग्रॅम. वर तुमची बॉडी. पावणेचारशे ग्रॅमचा फरक दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. बोटीत दीड तास, दर दोन मिनिटांनी ‘तो बघा, तो बघा’ करत लेन्स उचलली की कळतो. बोटीत मोनोपॉड टेकवावा म्हणाल तर इंजिनाची थरथर त्याच्यातून थेट लेन्समध्ये चढते, म्हणजे हातानेच धरायची. खांदा दमला की शेवटच्या अर्ध्या तासातले सगळे फोटो हलतात, आणि काचेचा तो थोडासा वरचढपणा तिथेच पाण्यात जातो. तुमच्या जागी मी असते तर, खांदा असा असताना, सिग्माकडे झुकले असते. खांदा धडधाकट असता तर चांगला तपासलेला सेकंडहँड २००-५०० शोधला असता. भाड्याच्या दोन रविवारांनंतर तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं झालं तर तुमचंच खरं.

डीएसएलआरच्या लेन्समध्ये आता कंपन्यांना फारसा रस उरलेला नाही, सगळं मिररलेसकडे चाललंय. त्याचा फायदा असा की लोक जुनं सामान काढतायत. फोर्टात बोरा बाजारला चक्कर मारलीत तर वापरलेल्या लेन्स हाताळायला मिळतील. काचेत मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आणि मग किंमत कितीही पाडली तरी हात जोडायचे. आपल्या हवेत ती पसरतेच. नवी घेत असाल तर बिल आणि भारतातली वॉरंटी बघा. ‘ग्रे’ माल, म्हणजे अधिकृत वितरकाशिवाय आलेला, स्वस्त पडतो, पण भिंतीच्या परीक्षेत नापास झालेला नग घेऊन मग कुणाच्या दारात उभ्या राहणार?

ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपन्यांचे कॅमेरे आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण हाच प्रश्न घेऊन आणखीही पत्रं आली आहेत. सोनीवाल्यांना सगळ्यात मोकळं रान. सोनीने आपल्या ई माउंटची मूळ माहिती २०११ मध्येच इतर कंपन्यांना खुली केली, त्यामुळे तिथे सिग्मा १५०-६०० स्पोर्ट्स आणि टॅमरॉन १५०-५०० अस्खलित बोलतात. पण सोनीच्या वेगवान बॉडींवर बाहेरच्या लेन्सला सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे, आणि टेलिकन्व्हर्टर (पोच वाढवणारा जोड) लावता येत नाही. सोनीची स्वतःची २००-६०० झूम करताना लांब होत नाही, तोल ढळत नाही. तिच्यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मलाही वाटतं. निकॉन झेडवाल्यांना (निकॉनचे मिररलेस) निकॉनचीच १८०-६०० आणि टॅमरॉन १५०-५०० असे दोन्ही रस्ते आहेत. कॅननच्या मोठ्या सेन्सरच्या (फुल फ्रेम) मिररलेस, म्हणजे आरएफवाल्यांना मात्र बाहेरच्या लांब ऑटोफोकस झूमचा पर्याय जवळजवळ नाहीच. जुनी ईएफ माउंटची, म्हणजे कॅनन डीएसएलआरसाठीची, सिग्मा किंवा टॅमरॉन अडॅप्टरवर लावायची, नाहीतर कॅननचीच घ्यायची. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅम आहे. ४०० ला एफ ८ म्हणजे अंधुक उजेडात हाल, पण खांदा दुखणाऱ्यांनी ती एकदा हातात घेऊन बघावी.

लेन्स आली की दोन गोष्टी लगेच करा. एक, पुढे स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावू नका. दुकानदार ‘काच सेफ राहील’ म्हणून गळ्यात मारेलच. एवढ्या लांब लेन्सपुढे हलकी काच आली तर तुम्ही मोजलेला सगळा शार्पपणा तिथेच अडतो, संरक्षणाला हूड पुरेसा आहे. दोन, जूनच्या आत हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवायचा. कापडी बॅगेत, कपाटात, लेन्स पावसाळाभर ठेवायची नाही. त्या कपाटात बुरशीला तुमच्यापेक्षा जास्त सुख असतं.

तो ७:१० चा फोटो मात्र काढून टाकू नका. एक मोठी प्रत छापून घ्या आणि पुढच्या रविवारी बरोबर न्या. दादांनी विचारलं कुठल्या लेन्सचा, तर आधी त्यांनाच ओळखायला सांगा.

आणि नवी लेन्स लावल्यावर जुना पट्टा तसाच गळ्यात अडकवून चालू नका. दोन किलो वजन कॅमेऱ्याच्या माउंटला लोंबकळतं आणि मानेलाही. पट्टा लेन्सच्या कॉलरला (ट्रायपॉडसाठीच्या कड्याला) लावायचा, तिरका, दुखऱ्या खांद्याच्या उलट बाजूने.